गच्चीवरची ताटी

नागपूरच्या महाल भागातल्या विणकर सोसायटीचे सेक्रेटरी मनोहरराव यांनी आयुष्यभर इतक्या थापा मारल्या होत्या, की पहिल्यांदा खरं बोलायची पाळी आली तेव्हा ऐकणारा कोणी उरलाच नव्हता. गेल्या शिमग्याला 'चौकात फुकट छत्र्या वाटून राहिले' अशी आवई उठवून त्यांनी अर्धी गल्ली उन्हात उभी केली होती.

पण ही गोष्ट थापेची नव्हती. पंच्याऐंशी सालचा मे महिना. दिवेलागणीला रोज लाईन जायची, की शेजारच्या नानाजीचं भाड्याचं डिझेल जनरेटर धडधडायला लागायचं. उजेड मिळायचा, पण धुराची काजळी मागावरच्या पांढऱ्या सुतावर बसायची आणि व्यापारी लुगडी परत पाठवायचा. म्हणून मनोहररावांनी एका सरकारी योजनेच्या दारात चपला झिजवून गच्चीवर सोलरचं पॅनेल आणवलं. दिवसा उन्हावर जिन्याजवळच्या पेटीतली बॅटरी भरायची, संध्याकाळी बॅटरीवर चार ट्यूब जळायच्या.

पॅनेल बसवून जाताना योजनेचा मेकॅनिक रुपराव बजावून गेला, "शुक्रवारी येतो. लाईन गेल्यावर दोन तास दिवे जळले तर पॅनेल तुमचं. नाही तर उचलून सावनेरले नेतो. तिथले लोक वाट पाहून राह्यले."

सोमवारी दोन तास जळले. मंगळवारी अर्धा तास. बुधवारी दहा मिनिटं, आणि मग मिट्ट काळोख.

"काय गा मनोहरराव," नानाजी दारातूनच ओरडला, "तुमचा सूर्य रजेवर गेला का?"

"शिमग्याच्या छत्र्या विसरलो नाही आम्ही," अंधारातून मारोतराव विणकर बोलला. "पेटीत बॅटरी नसनच. कंदील ठेवला असन यानं!"

सगळे खो खो हसले. मनोहररावही हसले. सकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी वायरी तपासल्या, बॅटरीत किती वीज जाते ते दाखवणारा पेटीवरच्या मीटरचा काटा पाहिला. सगळं ठीक. मग दुपारी काय होतं? दुपारचं कोणी पाहिलंच नव्हतं. मे महिन्यात भर एक वाजता नागपुरात गच्चीवर कावळाही बसत नाही, माणसाची काय कथा!

म्हणून त्याच गुरुवारी भर दुपारी मनोहररावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि जिना चढले.

वर पाहतात तर पॅनेलवर दारा-खिडकीला लावतात तसली वाळ्याची भलीमोठी ताटी, पाण्यानं निथळणारी. शेजारी बादली घेऊन पंचफुलाबाई. सोसायटीतली सगळ्यात जुनी विणकरीण, अख्ख्या गल्लीची मावशी.

"मावशे, हे काय करून राह्यली वं?"

"दिसत नाही काय? ताटी भिजवून राह्यली. बिचारी काच दिवसभर उन्हात. परवा हात लावला तं तवा निस्ता! मानसाले लू लागते, तिले नाही लागणार काय?"

"कधीपासून झाकून राह्यली?"

"मंगळवारपासून. अकराले झाकते, चारले काढते. कोनाले बोलली नाही. चांगलं काम सांगत फिरू नये."

मनोहरराव हसता हसता कठड्यावर बसले आणि चटका बसताच टुणकन उठले. "अवं मावशे, ती काच ऊनच खाते! तू तिले तीन दिवस उपाशी ठेवलं!"

पंचफुलाबाईच्या हातातली बादली खाली टेकली. "म्हंजे दिवे माह्यानं गेले?"

तिचा चेहरा पाहून मनोहररावांचं हसू विरलं. त्यांनी गुपचूप ताटी उचलली. जिन्यापाशी ठेवलेल्या पेटीवरचा काटा टणकन पाचावर गेला. पण दोघं बघत राहिले तसा तो हळूहळू उतरायला लागला. पावणेपाच. साडेचार.

पंचफुलाबाईनं काचेला बोट लावून झटकन ओढलं. "पाह्य! तापली ना? मी काय म्हनून राह्यली होती?"

मनोहररावांनी ताटीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. मग ताटी पॅनेलच्या पाठीमागे, त्याच्याच सावलीत बांधली आणि तिच्यावर बादली उपडी केली. काटा थोडा थांबला, मग परत चढू लागला.

शुक्रवारी दुपारी रुपराव आला. मनोहररावांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पाठीमागून थंड ठेवलं की हे पॅनेल जास्त ऊन खाते."

"तुमच्या गोष्टी नानाजीनं सांगितल्या मले. माह्यासंग खेळू नका," म्हणत रुपरावानं ताटी सोडली. थोड्या वेळात काटा पडला. परत बांधून भिजवली, काटा चढला. त्यानं डोक्यावरची टोपी मागे सारली. "कोनाचं डोकं हे?"

'माझं' हा शब्द मनोहररावांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. एवढी सोपी थाप त्यांना जन्मात मिळाली नव्हती. पण ते बोलले, "पंचफुला मावशीचं. तीन दिवस समोरून झाकत होती, तेही तिचंच."

रुपराव इतका हसला की पॅनेल सोपवायच्या कागदावर ताटीची युक्ती मावशीच्या नावानं लिहून त्यानं सही हसतच केली. "दोन तास जळू द्या, मग हा कागद तुमच्या हाती."

सातला लाईन गेली आणि चार ट्यूब लागल्या. नऊ वाजेपर्यंत एकही लुकलुकली नाही. जनरेटर बंद होतं म्हणून नुसते माग वाजत होते, खटक-खटक. नानाजी बाहेरच्या ओट्यावर बसून ते ऐकत तंबाखू मळत होता. "लग्नाच्या वरातीले तं माह्यंच जनरेटर लागन ना गा?" त्यानं विचारलं, आणि मारोतरावानं त्याला चिमूटभर चुना दिला.

मनोहरराव रुपरावानं दिलेला कागद फडकावत पंचफुलाबाईच्या मागासमोर जाऊन उभे राहिले. "मावशे, सायबाच्या कागदात तुह्यं नाव आलं! आता तू मेकॅनिक!"

तिनं मान वर केली नाही. काठाचा धागा बोटानं चाचपत ती म्हणाली, "असू दे. पन बाजूले हो बाप्पा, उजेड अडवून राह्यला."