बर्फ काढा

मी मासळीची पेटी बोलतेय. मासळीची, हे आधी नीट ऐकून ठेवा. माझ्या आयुष्यातली सगळी कटकट या एका शब्दापायी झाली, आणि तो शब्द मोठ्याने सांगायला मला तोंड नाही. झाकण आहे, पण झाकण उघडलं की माणसं आत हात घालतात. ऐकत कोणी नाही.

माझा जन्म डिचोलीकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघाले तेव्हा रंग झकास निळा होता आणि अंगाला रसायनाचा उग्र वास. भैरू नावाचा बेळगावकडचा कामगार माझं झाकण बसवत होता. ते एका कोपऱ्यात काही केल्या बसेना. त्याने एक ठोसा दिला, एक शिवी दिली आणि "जाऊंदे, माशांस्नी काय कळतंय!" म्हणत मला पुढे ढकललं. त्याचं खरंच होतं. माशांनी कधी तक्रार केली नाही.

मला विकत घेतलं मांद्र्याच्या सगुणने. त्याची लहानशी होडी होती आणि जोडीला गणेश नावाचा भागीदार. कारखान्यातून आलेली बर्फाची लादी गोणपाटात घालून सगुण लाकडी दांड्याने फोडायचा आणि तो चुरा माझ्यात भरायचा. परत येताना माझ्यात कधी बांगडे असायचे, कधी तारले, नशीब असलं तर मोठ्या खवल्यांचा शेवटो मासा. एकदा उन्हाने कावलेल्या गणेशने माझ्यातला बर्फाचा खडा तोंडात टाकायला उचलला, तर सगुणने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"ह्यो बर्फ मेल्लेल्यांचो रे! जित्यांचो न्हय."

कसल्या पाण्याचा तो बर्फ होता, हे सगुणला ठाऊक होतं. पण हे वाक्य तो होडीत बोलला. घरी बोलायची वेळच कधी आली नव्हती.

मग एका पावसाळ्यात, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असताना, सगुण आजारी पडला आणि गेला. दर्याने नेला असता, तर त्याच्या बायकोला, शेवंतीला, दर्याला बोल तरी लावता आला असता. तेही नाही. होडी आणि जाळी गणेशकडे गेली. मला मात्र शेवंतीने जाऊ दिलं नाही. तिने मला राखेने घासलं, साबणाने घासलं, कढत पाणी ओतून धुतलं, उन्हात उपडी घातलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आणून ठेवलं. संध्याकाळी ती माझ्यावर हात टेकून बसायची.  तेवढं ठीक होतं. बसायला कोणाची ना नाही.

खरी चूक पुढे झाली.

शेवंतीचा मुलगा साईश टॅक्सी चालवतो. त्याने घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि त्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. शेवंतीच्या हाताला चव आहे, त्यामुळे पाहुणे तिच्याकडेच जेवू लागले. त्यांना सगळं थंडगार लागायचं. सोलकढी थंड, सरबत थंड. फ्रीजचा वरचा कप्पा मासळीने भरलेला. मग शेवंतीने बर्फाच्या गाडीवाल्याकडून लादी घेतली आणि ती फोडून माझ्यात भरली. म्हणजे बघा, मासळी गेली फ्रीजमध्ये आणि माणसांचा बर्फ आला मासळीच्या पेटीत!

साईशने पाहिलं तेव्हा तो वैतागला. "आई, मासळीची पेटी ती! तिच्यात पिवचो बर्फ कोण ठेवता?"

"घासलेली आसा मा? आरशासारखी आसा."

"नवी हाडतंय मी. ही दी टाकून."

"तुझ्या बापाशीची ती. खंयच जावची नाय," शेवंती म्हणाली. बापाचं नाव आलं की साईश माघार घेतो. तेव्हाही घेतली. माझ्या झाकणाच्या कडेला, त्या न बसणाऱ्या कोपऱ्यात, एक भेग आहे. तिच्यात राख पोचत नाही, साबण पोचत नाही. पण समजा मी खरोखर आरशासारखी असते, तरी आत भरलेला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण विचारणार? मी नुसती थंड राहिले. दुसरं काय येतं मला!

थंडीच्या दिवसांत मार्ता आली. पोलंडची बाई, बरोबर लेना नावाची मुलगी, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. मार्ता मागे एकदा कुठल्याशा देशात गेली होती, तेव्हा पहिल्याच जेवणाने तिची सगळी सुट्टी अंथरुणात गेली होती. तेव्हापासून तिचे नियम होते. ताटातून वाफ निघत असेल तरच खायचं. चिरून ठेवलेली फळं नाहीत, कच्ची कोशिंबीर नाही, बर्फ तर नाहीच नाही. पाण्याची बाटली उघडताना ती टोपण कानाजवळ धरायची आणि 'कट्ट' आवाज आला तरच प्यायची. दात घासायलाही बाटलीतलंच पाणी.

शेवंतीच्या हे आधी मनाला लागलं. शेजारची सुलोचना तिखटाच्या मिरच्या निवडायला आली होती, तिच्याजवळ ती कुरकुरली, "आमच्या पाण्यात हिका वीख दिसता काय गे?"

"केळां सोलून खाता ता बरां," सुलोचना म्हणाली. "नायतर तांय उकडूक सांगली असती!"

दोघी खूप हसल्या. मला ती बाई आवडली होती. माझ्या सगळ्या आयुष्यात सगुणनंतर बर्फाकडे संशयाने पाहणारं ते दुसरं माणूस होतं.

पहिल्याच दुपारी मायलेकी समुद्रावरून तापून आल्या. शेवंती कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन मागच्या दारी आली आणि तिने माझ्या झाकणाला हात घातला. मार्ताने घाईघाईने फोन पुढे केला. फोन बाईच्या आवाजात स्वच्छ मराठी बोलला, "कृपया बर्फ काढा."

आता 'काढा' म्हणजे काय? विहिरीतलं पाणी काढतात ते प्यायला. टोपातला भात काढतात तो वाढायला. पेटीतला बर्फ काढायचा, तो आणखी कशाला?

"काढतंय, काढतंय!" शेवंती आनंदाने म्हणाली आणि तिने माझ्यातून ओंजळभर बर्फ काढून पेल्यात टाकला.

"नो, नो! बर्फ काढा!" मार्ता आता स्वतःच म्हणाली.

"काढलो मा गे बाये! आनीक काढू?" आणि आणखी एक खडा गेला.

मार्ताने कपाळाला हात लावला. मग पेल्याकडे बोट करून, चिमटीने काहीतरी उचलून बाहेर फेकल्यासारखं केलं. शेवंतीच्या डोक्यात प्रकाश पडला. "आगे, असां सांग मगे!" तिने चमच्याने एकेक खडा वेचून बाहेर टाकला आणि तोच पेला, छान गार झालेला, हसतमुखाने पुढे केला.

मार्ता प्यायली नाही. लेनाचा पेलाही तिने हळूच बाजूला ठेवला. मला वाटलं, सुटले.

पण शेवंती मनाशी धडा घेऊन बसली होती. पाहुणीला गार हवं, पण दाताखाली खडे आलेले चालत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिने सरबत आतच केलं. पेल्यात बर्फ टाकायचा, विरघळायला लागला की उरलेला वेचून टाकायचा आणि मग पेला बाहेर न्यायचा. मार्ताने पेल्यात निरखून पाहिलं. बर्फ नव्हता. सरबत गार होतं, पण घरात फ्रीज आहे हे तिला दिसत होतं; आणि पाणी बाटलीतलंच घालायचं, हे शेवंतीने कबूल केलं होतं, ते ती इमानाने पाळत होती. मार्ताने लेनाला मान हलवून सांगितलं, पी.

लेनाला ते लाल सरबत फार आवडलं. ती रोज मागू लागली. शेवंती रोज माझ्यात हात घालू लागली. आणि मी? झाकण घट्ट धरून ठेवायची इच्छा असली तरी पेटीला ते कसं जमावं!

लेना आजारी पडली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. मार्ता आपल्यालाच दोष देऊ लागली. अंघोळ करताना पोरीच्या तोंडात पाणी गेलं असेल, किनाऱ्यावर खाल्लेलं अंडं कच्चं राहिलं असेल. शेवंतीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सुलोचनाने जेवणातल्या सुरमईवर संशय घेतला. घरातल्या प्रत्येक वस्तूची झडती झाली. ताटं पुन्हा घासली, फडकी उकळली, तिखटाचा डबासुद्धा ओतून बघितला. मी दारातच होते. मला कोणी विचारलं नाही.

साईशने दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं, तेव्हा मार्ताने सांगितलं, सीलबंद बाटलीचं. आणि ते खरं होतं. लेना जरा सावरून परत आली. डॉक्टरांनी पावडर दिली होती, ती पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजायची होती.

"बाटलीचा नाका आता," शेवंती साईशला म्हणाली. "मिया सोता उकळून दितंय."

तिने पाणी खळखळून उकळलं, फडक्याने गाळलं. इतकी काळजी मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. पावडर घातली. पण पाणी चटका देत होतं, आणि पोर तहानेने रडत होती. मग शेवंती भांडं घेऊन मागच्या दारी आली, माझं झाकण उघडलं आणि त्या उकळलेल्या पाण्यात मूठभर बर्फ टाकला.

मी काय सांगू तुम्हाला! लाकडाची असते तर तडकले असते.

दुसऱ्या दिवशी लेना पुन्हा गळाली. आता ती पाणीसुद्धा नको म्हणू लागली. शेवंती तिच्या उशाशी पेला घेऊन बसली होती. खोलीची खिडकी माझ्या डोक्यावरच आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

"फिश," लेना क्षीण आवाजात म्हणाली.

"मासे खावचे बायेक? ताप उतरू दे, मगे दितंय हां."

"फिश," पोरीने पुन्हा म्हटलं. मग शेवंतीने पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाच्या टोकावर एक खवलं होतं. मोठं, रुपेरी. पेल्यातून पोरीने काढून तिला दाखवलं होतं.

ते शेवट्याचं खवलं होतं. मासळी ओळखायला शेवंतीला खवलं पुरतं. आणि सगुण गेल्यापासून शेवटो त्या घरात शिजला नव्हता.

ती माझ्यापुढे उकिडवी बसली. झाकणाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. त्या कोपऱ्यातल्या भेगेशी ते थांबलं. नखाने टोकरलं तशी आणखी दोन खवली निघाली. तिने ती तळहातावर घेतली. मला वाटत होतं, बाई, आता ती आठवण म्हणून पदरात बांधू नकोस. आता तरी ओरड.

ती ओरडली नाही. उठली आणि सरळ मार्ताच्या दारात गेली. तिने तिचा फोन मागितला आणि त्यात बोलली, "बर्फ मीच घातला. पहिल्यापासून. सरबतात पण, औषधात पण. पेटी मासळीची आहे." मराठी अगदी शाळेतल्यासारखं जपून बोलली, फोनला नीट कळावं म्हणून.

फोनने ते इंग्रजीत सांगितलं. मार्ताने फोन स्वतःकडे घेतला. मग ती जे बोलली, ते फोनने मराठीत केलं, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"व्हय," शेवंती म्हणाली. "ऐकलंय. समजलंय नाय."

फोनला हे मालवणी वळणाचं काही कळलं नाही. त्याने काहीच भाषांतर केलं नाही. पण मार्ताला कळलं असावं, कारण तिने दार आपटलं नाही; नुसतं लोटून घेतलं.

साईश पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. या वेळी डॉक्टरांना बर्फाचं सांगितलं गेलं, तशी औषधं बदलली. लेना हळूहळू उठून बसली. शेवंतीने तिच्यासाठी वाफाळती पेज केली, आणि ती निवेपर्यंत वाटी हातात धरून फुंकर घालत बसली. बर्फ नाही, पंखा नाही. मार्ता शेजारी बसून वाटीवरची नजर हलवत नव्हती. जाताना ती शेवंतीच्या गळ्यात वगैरे पडली नाही. लेनाने मात्र गाडीतून हात हलवला. घराबद्दल मार्ताने कुठे काय लिहिलं, हे साईश अजून फोनवर शोधतो. शेवंती त्याला विचारत नाही.

त्यानंतर तिने मला उचललं. साईश मदतीला धावला, तर त्याला नको म्हणाली. मला कमरेवर घेऊन ती किनाऱ्यापर्यंत चालत गेली. गणेश होडीचं इंजिन पुसत होता.

"वैनी, ही सगुणदादाची मा? घरातच ऱ्हवांदे. आठवण ती."

"मासळीची ती," शेवंती म्हणाली. "मासळीक घाल."

बस्स. एवढाच शब्द मला कितीतरी दिवस सांगायचा होता.

आता मी होडीत असते. माझ्यात बांगडे पडलेले असतात, खारं पाणी साचतं, गणेश माझ्यावर पाय ठेवून जाळं ओढतो. माझा राग पुरता गेलेला नाही. तुम्ही कधी परमुलखात गेलात, तर पेल्यात बर्फ दिसत नाही एवढ्यावर विसंबू नका. पेला गार कसा झाला, ते विचारा. आणि तुमच्या दारी परमुलखाचं माणूस आलं आणि एखादी गोष्ट नको म्हणालं, तर त्यात तुमचा मान गेला असं समजू नका. त्याच्या 'नको'चा अर्थ तुमच्या सोयीने लावू नका. पुन्हा एकदा विचारा.

आणि माझ्यासारख्या वस्तूवर तुमचा जीव जडला असेल, तर जरूर जवळ बसा, हात टेका, रडा. पण मला जिवंत माणसांच्या पाण्यात घालू नका. मी मायेने स्वच्छ होत नाही.