साळूबाईच्या नावाची फळी

खुर्ची

चिकलठाण्याच्या वस्तीतल्या चर्चमध्ये खुर्च्या आल्या आणि त्याच वर्षी साळूबाई पडली.

त्याआधी सतरंज्या होत्या. शनिवारी साळूबाई त्या अंगणात नेऊन झटकायची, रविवारी पहाटे अंथरायची, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करायची. झाडलोट, फुलदाण्यांतलं पाणी, मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण खरवडणं, सगळं तिच्याकडं. हे काम तिला कुणी लावून दिलेलं नव्हतं. त्यामुळं त्याबद्दल कुणी दोन शब्द बोलावेत असंही कुणाला वाटलं नाही.

मग वस्तीतली पोरं कंपन्यांत पर्मनंट झाली. दारात स्कूटरी आल्या. इस्त्रीची पँट घालून मांडी घालणं लोकांच्या जिवावर यायला लागलं. कमिटीनं ठरवलं, खुर्च्या घ्यायच्या. लोखंडी, घडीच्या. ज्याला झेपेल त्यानं द्यायच्या, आणि जो देईल त्याचं नाव खुर्चीच्या पाठीवर, मागच्या बाजूनं, तांबड्या ऑइलपेंटमध्ये. आप्पासाहेब म्हस्के एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि कमिटीत त्यांचाच शब्द चालायचा. सगळ्यात जास्त खुर्च्या त्यांनीच दिल्या.

सतरंज्या गेल्या तसं गुडघे टेकणंही गेलं. वेळ आली की लोक बसल्या जागी पुढं वाकायचे, डोळे मिटायचे आणि तेवढ्यावर भागवायचे. साळूबाई मात्र दोन ओळींच्या मधल्या शहाबादी फरशीवर टेकायची आणि समोरच्या खुर्चीला धरून उठायची.

त्या रविवारी समोरचा माणूस ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपाशी उठून गेलेला. घडीची खुर्ची माणूस बसलेला असला की जागची हलत नाही, रिकामी असली की मिटते. साळूबाईनं धरली आणि ती मिटली. म्हातारीचा खुबा मोडला. उन्हाळाभर खाटेवर पडून राहिली आणि पाऊस यायच्या आधी गेली.

मातीला सगळी वस्ती आली होती. आप्पासाहेब काकासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, काकूनं खाली टेकायलाच नको होतं. मग खुर्च्या आणल्या कशाला आपण?"

काकासाहेब पाटोळे, साळूबाईचा नवरा, तेव्हा मान हलवून पुढं झाले. ते वाक्य मात्र त्यांच्या पोटात काच गिळल्यासारखं राहून गेलं.

आकडा

काकासाहेबांचा जन्म फिटरकीत गेला होता. रिटायर होऊन थोडेच दिवस झालेले. त्यांनी चर्चमधली एक खुर्ची घरी आणली, उलटी करून ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. येणारे जाणारे म्हणायचे, बायको गेल्यापासून काकांचं डोकं ठिकाणावर नाही. डोकं अगदी ठिकाणावर होतं. ते त्या बिजागरीचा राग करत होते.

गुडघे टेकायला पहिलं स्टूल सुटं केलं. ते लोकांच्या पायांत येणार, हे करून झाल्यावर लक्षात आलं. दुसरं खुर्चीच्या सीटखाली सरकणारं. त्यात बसणाऱ्याच्याच पोटऱ्या अडकल्या. मग ते नाक्यावरच्या कडूबाकडं गेले. कडूबाचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरले, कडूबानं वेल्डिंगचं दुकान टाकलं.

"काका, तुम्हा लोकांना देवापुढं बसायला खुर्ची लागती, आन् खुर्चीवर बसल्यावर गुडघे टेकायला पाट लागतो," कडूबा चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. "मंग जमिनीनं काय घोडं मारलंय?"

"जमिनीनं माझी बायको मारली."

कडूबानं चष्मा खाली घेतला आणि वेल्डिंगला लागला.

दोघांनी मिळून जे केलं ते असं. खुर्चीच्या मागच्या दोन पायांना एक आडवी दांडी. दांडीला बिजागरीवर फळी, वर फोम आणि काळं रेक्झीन. एरवी ती फळी दांडीवरून खाली लोंबती. मागच्या माणसाला टेकायचं असेल तेव्हा त्यानं ती वर उचलायची. फळीच्या पोटातले दोन आखूड पाय आपल्या वजनानं खाली पडायचे आणि जमिनीला भिडायचे. खुर्ची मिटायची असली की फळी पुन्हा खाली, सगळं सपाट.

आणि एक आकडा. हा काकासाहेबांचा. फळी वर आली की तो पुढच्या पायांमधल्या गजात जाऊन बसायचा. मग समोरची खुर्ची रिकामी असो, तिला कुणी धरो, ओढो, ती मिटायची नाही.

"बघ टेकून," काकासाहेब म्हणाले.

कडूबा टेकला आणि टाचांवर बूड ठेवून आरामात बसला.

"असं नाय रे. गुडघ्यांवर उभा राहा. ताठ."

"असा? असं तर मास्तर शाळंत उभा करायचा, पाढे नाय आले की." त्यानं खुर्चीची पाठ धरून गदागदा हलवली. आकडा हलला नाही. "लई पक्कं झालंय काका. आता हत्ती टेकला तरी भ्या नाय."

काकासाहेब त्या दिवशी साळूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

नाव

कमिटीपुढं त्यांनी एकच अट घातली. सगळ्या खुर्च्यांना फळ्या मी माझ्या फंडातून बसवून देतो. फळीवर तिचं नाव पाहिजे.

"द्या की," आप्पासाहेब म्हणाले. "नावाला कोण नको म्हणतंय? आमचंबी हायेच."

प्रश्न होता कुठं लिहायचं. खुर्चीची पाठ आधीच देणाऱ्यांच्या नावांनी भरलेली. दांडी बोटाएवढी. राहिली फळी. ती खाली लोंबते तेव्हा तिचं काळं रेक्झीन सरळ मागच्या माणसाकडं तोंड करून असतं, शाळेतल्या पाटीसारखं. सांडू पेंटरनं त्यावर पांढऱ्या रंगात, अक्षरांना सावली देऊन लिहिलं: कै. साळूबाई काकासाहेब पाटोळे यांच्या स्मरणार्थ. एकेका फळीवर, न कंटाळता.

शनिवारी संध्याकाळी काकासाहेब चर्चच्या दारात उभे राहिले. आत एकामागं एक ओळी आणि प्रत्येक ओळीत साळूबाई. जिथं ती सतरंजी ओढत फिरायची तिथंच, तेवढ्याच उंचीवर. वेदीशेजारी संगमरवरी पाटी होती, बांधकामाला देणग्या देणाऱ्यांची. त्या पाटीवर तिचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. तिनं पैसे दिले नव्हते. आता असू दे ती पाटी.

त्यांनी ते सगळं दारातून बघितलं. उभ्यानं. फळ्या लोंबत असताना.

रविवार

घंटी वाजली. फादर म्हणाले, आपण गुडघे टेकू या.

माणसं वाकली. फळ्या वर उचलल्या गेल्या. खटाखट पाय पडले, खटाखट आकडे बसले. किती दिवस काकासाहेबांनी त्या आवाजाची वाट बघितली होती.

आणि कुणीच टेकलं नाही.

फळी वर आली तसं नावही वर आलं होतं. पांढरं, सावली दिलेलं, आभाळाकडं तोंड करून, बरोबर गुडघ्यांच्या जागी. लोक त्याच्याकडं बघत उभे राहिले. वच्छलाबाई, साळूबाईच्या जोडीनं फुलं लावणारी, तिनं खाली वाकून फळीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बाजूला सरकली. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही तेच केलं. एका पोरानं सरळ गुडघा ठेवला तर आईनं त्याला दंडाला धरून उठवलं. "नाव हाय तिथं. मेलेल्या माणसाचं. पाय लावतो व्हय?"

आप्पासाहेब पहिल्या ओळीत होते. त्यांच्या पुढं खुर्ची नव्हती, म्हणून फळीही नव्हती. ते बसून होते आणि मागं वळून बघत होते.

काकासाहेब शेवटच्या ओळीत उभे होते. मिस्सा संपेपर्यंत त्यांचा हात समोरच्या खुर्चीवरून निघाला नाही.

कमिटी

बैठक मिस्सेनंतर तिथंच, खुर्च्या न मिटता.

आप्पासाहेब म्हणाले, "काका, डिझाइन एक नंबर. फक्त ते नाव तेवढं."

"नावाचं काय?"

"त्याच्यावर टेकायचं कसं माणसानं? उद्या म्हणतील काकूला पायाखाली घेतलं."

फादर वसईकडचे, तरुण. ते म्हणाले, "काका, देव नावं बघत नाही."

"मग पाठीवरची पुसा सगळी. मीबी पुसतो."

फादरांनी आप्पासाहेबांकडं बघितलं आणि मग खिडकीकडं.

आप्पासाहेबच म्हणाले, "पाठीला कुणी पाय लावत नाय, काका. म्हणून तिथं चालतं." आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं ते बोलले. "फळीच्या खालून लिहा ना. हाय तसं राहतंय नाव."

"खालून? ते वाचणार कोण, मुंग्या?"

"मग रेक्झीन नवीन टाका. साधं."

"आन् नाव?"

आप्पासाहेबांनी हात हवेत नुसता फिरवला.

काकासाहेब वच्छलाबाईकडं वळले. "तू सांग वच्छला. तू टेकणार नव्हतीस का?"

"मी कशी टेकू भाऊजी? जिच्यासंगं मी पंचवीस वर्सं फुलं लावली तिच्यावर गुडघा देऊ?" ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "पण खरं सांगू का. तिला टेकायचं होतं. नाव तुम्हाला पाहिजे होतं."

"गप बस," काकासाहेब म्हणाले. चर्चमध्ये ते कधी कुणाला असं बोलले नव्हते.

शेवटी फादरांनी विषय मिटवला. एक तर नाव निघेल, नाही तर फळ्या निघतील. काकांनी सांगावं.

टर्पेंटाइन

फळ्या काढल्या असत्या तर आकडेही गेले असते. खुर्च्या पुन्हा रिकाम्या झाल्या की मिटल्या असत्या. कुणाच्या तरी घरातली एखादी म्हातारी फरशीवर टेकली असती. काकासाहेबांनी हे सगळं मनात धरलं आणि त्यांना सगळ्यात जास्त चीड याचीच आली, की विचार केला तर उत्तर एकच निघत होतं आणि ते आप्पासाहेबांच्या बाजूचं होतं.

सोमवारी ते कडूबाला घेऊन गेले. दोघं फरशीवर बसले. चिंध्या, टर्पेंटाइनचा डबा.

"सांडूला बोलवायचं व्हतं," कडूबा म्हणाला. "ज्यानं लिहिलं त्यानं पुसावं."

"त्यानं लिहिलं पैसे घेऊन. मी लिहून घेतलं."

आधी 'स्मरणार्थ' गेलं. मग 'पाटोळे'. काकासाहेब मागून पुढं पुसत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'साळूबाई' राहिलं की थोडं थांबत आणि मग तेही पुसत. पहिल्या काही फळ्यांना थांबले. नंतर थांबले नाहीत. हाताला सवय लागली. त्याचाच त्यांना धक्का बसला, पण हात चालूच राहिला.

कडूबानं मध्येच एक फळी बाजूला सारली. "ही एक राहू द्या की काका. कोपऱ्यातली. कोण बघतंय?"

"म्हणजे तिथंच कुणी टेकायचं नाय. तेवढी जागा रिकामी, आन् लोक म्हणणार, काकाच्या बायकोपायी." त्यांनी ती ओढून घेतली. "नको."

रेक्झीनवर कुठं कुठं पांढुरकी झाक राहिली. ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल इतकी.

पुढचा रविवार

फादर म्हणाले, आपण गुडघे टेकू या.

सगळे टेकले. धसमुसळेपणानं, एकमेकांना धक्के देत, पण टेकले. वच्छलाबाई टेकली. कारखान्यातली पोरं टेकली, पँटची इस्त्री सांभाळत. खुर्च्या आल्यापासून इतकी माणसं एकदम खाली गेल्याचं कुणी बघितलेलं नव्हतं. समोरून सगळं चर्च एकाच वेळी बुटकं झालं.

काकासाहेबही टेकले. आतापर्यंत फळी कडूबानं तपासली होती, ते उभे राहून बघत आले होते. फोम बरोबर होता. उंची बरोबर होती. ताठ झाले आणि त्यांनी डोळे मिटायच्या आधी समोर बघितलं.

नाकापासून वीतभर अंतरावर लिहिलं होतं: आप्पासाहेब म्हस्के यांजकडून.

बसलेल्या माणसाची नजर समोरच्याच्या डोक्यावरून वेदीकडं जाते. टेकलेल्या माणसाची नजर खुर्चीच्या पाठीवर अडते. हे माप त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं. ओळीच्या ओळी टेकलेल्या, हात जोडलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर तांबड्या अक्षरांत कुणी ना कुणी. जास्त करून एकच.

फादर प्रवचनानंतर म्हणाले होते, कमिटीनं ही चांगली सोय केली. कमिटीनं.

पुढची ओळ ख्रिस्तप्रसादाला उठून गेली. काकासाहेबांच्या समोरची खुर्ची रिकामी झाली. त्यांना आता उठायचं होतं, बाहेर जायचं होतं, घरी जाऊन दार लावायचं होतं. त्यांनी ती रिकामी खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि मनात राग धरून, मिटावी म्हणून, जोरानं ओढली.

ती मिटली नाही. जराही हलली नाही. त्यांनी तिच्यावर भार दिला आणि उठले.