पितराच्या आधीचा घास

मी एक जुनी पेशी आहे. नांदगाव पेठेजवळ फुलशेती करणाऱ्या मनकर्णाबाईंच्या मेंदूत मी राहते. त्वचेच्या पेशी महिन्याभरात येतात आणि जातात. मी मात्र बाईंच्या जन्माआधीपासून इथेच आहे. त्यांनी एकाहत्तर बैलपोळे पाहिले, तेवढे मीही पाहिले.

मित्रांनो, माझ्या पोटात शेकडो बारीक चुली आहेत. तुमच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. रक्तातली साखर आणि श्वासातला प्राणवायू यांवर त्या पेटतात. ती ऊर्जा कशात जाते म्हणाल, तर मीठ उपसण्यात. मीठ सतत आत झिरपते आणि मी ते सतत बाहेर टाकते. आतबाहेरचा हा तोल राहिला तरच मला शेजारणींना निरोप धाडता येतो, आणि तेव्हाच बाईंना काही आठवते.

माझ्याकडे साठवण जवळजवळ नाही. म्हणून सारे शरीर माझ्यासाठी तोल सांभाळते. जेवण झाले की स्वादुपिंड जास्तीची साखर ठिकाणी लावते. उपास पडला की ते हात आखडते, आणि यकृत आपल्या कणगीतली साखर सोडते. बाईंचे स्वादुपिंड थकले, तेव्हापासून सकाळची एक गोळी त्याला हलवून कामाला लावते. गोळीला मात्र घरात सण आहे की उपास, ते कळत नाही; ती साखर उतरवतच राहते.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मी विसरणार नाही. बाईंचे यजमान पंजाबराव गेल्यानंतरची ती पहिली आखाजी. या दिवशी आमच्याकडे एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात. तो जेवला की मग घर जेवते. पंजाबरावांचे मित्र देवमनभाऊ बडनेऱ्याहून येणार होते. डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हटले होते, म्हणून बाईंनी ती सातला घेतली. पितर उपाशी, म्हणून खाल्ले काहीच नाही. त्यांनी दोघांचाही शब्द पाळला.

एक वाजला तरी देवमनभाऊंचा पत्ता नव्हता. माझ्या चुली मंदावल्या. शरीराने धोक्याची हाळी दिली. हृदय धडधडले, हात थरथरले, घाम सुटला. बाईंनी भिंतीवरच्या पंजाबरावांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले आणि विचारले, “हे कोन होय?”

सून सत्यभामा घाबरली. “आईले ऊन लागलं वाटते.”

शेजारची शकुन पन्हं करायला धावली. सत्यभामा मागून म्हणाली, “गूळ नोको टाकजो वो. तिले शुगर हाय.”

मी आतून ऐकत होते. माझ्या दारात कणभर साखर उरली नव्हती, आणि बाहेर सगळ्यांना तिचीच भीती होती.

तेवढ्यात देवमनभाऊ आले. त्यांनी बाईंच्या कपाळाला हात लावला. “ऊन लागल्यावर अंग असं थंडगार राह्यते काय? माह्यं बी एक डाव असंच झालं होतं. गोळी घेतली काय वयनीनं?”

“सकाळीच घेतली,” सत्यभामा म्हणाली.

“आन खाल्लं?”

“तुमचीच वाट पाहून राहिलो न भाऊ.”

देवमनभाऊंनी मान खाली घातली. मग शकुनकडून पन्हं घेऊन त्यांनी त्यात मूठभर गूळ कालवला आणि बाईंना उठवून बसवले. बाईंनी ओठ घट्ट मिटले. “पितर जेवले नाईत अजून,” त्या पुटपुटल्या.

देवमनभाऊ जाऊन पाटावर बसले. “आज पितर कोन होय? मीच न? मंग पितरच सांगून राहिला. पह्यले तू खाय.”

एरवी ते वहिनीला ‘तुमी’ म्हणतात. त्या दिवशी पंजाबरावांसारखे ‘तू’ म्हणाले. बाईंनी ओठ उघडले.

घोट घोट करत गूळ रक्तात उतरला. माझी एक चूल पेटली, मग दुसरी. मीठ मागे हटले. बाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. “लय उशीर केला तुमी,” त्या म्हणाल्या. त्या कोणाला म्हणाल्या, ते कोणी विचारले नाही.

मित्रांनो, मी विझले तर माझ्या जागी सहसा दुसरी येत नाही, आणि मी जपलेले माणूसही माझ्याबरोबर जाते. तुमच्या घरी कोणी शुगरची गोळी घेत असेल, तर नुसती गोळी घेतली का, एवढेच विचारू नका. जेवलात का, हेही विचारा.

यंदाच्या आखाजीला देवमनभाऊ अकरालाच आले. पितराच्या पाटासमोर ताट वाढलेले होते. शेजारी बाईंची लहान थाळी होती, आणि ती आधीच रिकामी झाली होती.