चार इंच उचललेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी एसयूव्ही आहे. उंच आणि माजलेली. शहाडला एका चाळीच्या तोंडाशी उभी असते. रिक्षा, स्कूटर, बारक्या गाड्या खालून माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्वभावाला औषध नसतं. आज मात्र खरं काय ते सांगायचं ठरवलंय, तेव्हा मला बिचारी म्हणायची घाई करू नका.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. पत्रा दाबला, जोडला, रंगवला आणि बाहेर ढकलला. पहिला मालक बाळकुमच्या एका टॉवरमधला. त्याने सहा वर्षं मला मॉल आणि शाळा एवढंच फिरवलं, मग कंटाळून विकून टाकलं. घेतलं महेंद्रने. महेंद्र एसी दुरुस्तीची कामं करतो. घरात वडील कुंडलिक, आई रमाबाई आणि बायको दर्शना. मला घेतलं ते रमाबाईंसाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिसला न्यावं लागायचं. त्यांच्या डाव्या हाताची नस जोडून फिस्टुला केलेला, सुई तिथेच टोचायचे. त्यावर बोटं ठेवली की आत थरथर लागायची. त्या हाताला ओझं नाही, दाब नाही, आणि तो कोणी ओढायचा नाही, असं डॉक्टरांनी घरातल्या प्रत्येकाला बजावलेलं.

त्या जुलैत उल्हास नदीचं पाणी चाळीपर्यंत आलं. तेव्हा मी नेहमीच्या उंचीची होते. दोन दिवस जागची हलले नाही आणि रमाबाईंचं एक डायलिसिस चुकलं. अंग सुजलं, श्वास लागला, बाई मरता मरता वाचल्या. पुन्हा चुकलं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या चाळीत प्रत्येक पुराची रेघ भिंतीवर काढून शेजारी तारीख लिहितात. महेंद्रने टेप आणली. आधी जमिनीपासून रेघेपर्यंत मोजलं, मग माझं पोट जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं, आणि वजाबाकी करून म्हणाला, "चार इंच उचलली की झालं." मोजायला घरात रमाबाईंचा गुडघाही होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही.

कोपरचा मेकॅनिक साईनाथ शहाणा माणूस. त्याने सरळ सांगितलं, "दोन इंच कर. खड्डे, स्पीडब्रेकर, थोडं पाणी, सगळ्याला बरी पडेल. चार केलीस तर वळणावर झुकेल, ब्रेकला वेळ लागेल, टायर एका बाजूने झिजतील. आरटीओला विचारल्याशिवाय तर हातच लावू नको. आणि आई चढणार कशी तुझी?"

"अरे, तिच्यासाठीच तर करतोय," महेंद्र म्हणाला. त्याने आरटीओला विचारलं नाही, आणि साईनाथनेही पुढे वाद घातला नाही.

नव्या स्प्रिंगा आल्या, मोठे टायर आले. दारांखालच्या फूटस्टेप खाली लोंबतात म्हणून काढल्या. दर्शना म्हणाली, "अहो, आईंच्या बाजूची तरी राहू द्या."

"लुक जातो," महेंद्र म्हणाला.

मित्रांनो, मलाही ते पटलेलं. आज तोंड लपवावंसं वाटतं, पण तेव्हा पटलेलं.

आणि फायदा झाला नाही असं कोण म्हणतं? ज्या खड्ड्यात रिक्षावाले आईवरून शिव्या द्यायचे, तो मला कळायचासुद्धा नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी सगळ्यात पुढे, बॉनेटवर निळा झेंडा, पोरं माझ्याबरोबर फोटो काढायला रांगेत. पुलाच्या वळणावर दोनदा मी अशी कलंडले की महेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते त्याने घरी सांगितलं नाही.

रमाबाईंना चढवायला प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्या आधी स्टुलावर चढायच्या, मग उजव्या हाताने हँडल धरून गुडघा वर घ्यायचा प्रयत्न करायच्या. गुडघा यायचा नाही. मग दर्शना मागून ढकलायची. समोरची कांता दारात तांदूळ निवडत बघत बसायची.

"पोत्यासारखं नको रे चढवू मला. माणसं बघतात," रमाबाई एकदा म्हणाल्या.

"मग पटकन चढत जा ना, आई," महेंद्र म्हणाला. मला हसू आलं होतं. आठवड्यातून सहा वेळा ती चढउतार, आणि मला प्रत्येक वेळी हसू यायचं.

पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी परत आलं, सकाळी, डायलिसिसच्याच दिवशी. चाळीतली एकही गाडी हलेना. मी मात्र तयार. महेंद्रने मला थेट दारापर्यंत आणलं, सगळी चाळ कौतुकाने बघत होती. कुंडलिक आणि दर्शनाने रमाबाईंना गुडघाभर पाण्यातून धरून आणलं. स्टूल पाण्यात ठरेना. आत बसलेल्या महेंद्रने हात पुढे केला. रमाबाईंनी उजवा हात दिला, गुडघा टेकला, आणि त्या घसरल्या. महेंद्रने हाताला आला तो हात पकडला. तो डावा होता.

"सोड रे, तो नको," रमाबाई म्हणाल्या.

सोडला असता तर त्या पाण्यात पडल्या असत्या. त्याने सोडला नाही. त्याच हाताला धरून, सगळा भार त्याच्यावर घेऊन, त्याने आईला आत ओढलं.

मग मी निघाले. पाणी कापत, एकदाही न अडखळता. त्या दिवशी सेंटरवर सगळ्यात आधी आम्ही पोहोचलो. नर्सने रमाबाईंच्या हातावर बोटं ठेवली, परत ठेवली, आणि डॉक्टरांना बोलावलं. थरथर बंद झाली होती. सुई टोचायला जागाच उरली नव्हती. मानेत नळी घालायला दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं, तिथे संध्याकाळ झाली. नळीतून जंतू गेले आणि नवव्या दिवशी रमाबाई गेल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला महेंद्र सांगायचा, "गाडी होती म्हणून निदान पोहोचलो तरी." कुंडलिक जमिनीकडे बघत बसायचे. दर्शना उठून आत जायची. खरं काय ते तिघांनाही ठाऊक होतं.

आता मला विकायला काढलंय. जाहिरातीत लिहिलंय, 'पुरातही बंद पडली नाही'. त्यात खोटं एक अक्षर नाही. काल कोपरहून सुदेश नावाचा एक माणूस बघायला आला. सोबत म्हातारे वडील, काठी टेकत. सुदेश टायरवर हात फिरवत होता, खूश होता. वडिलांनी माझं दार उघडलं, उंबऱ्याकडे बघितलं, पाय उचलून बघितला आणि खाली ठेवला.

"मला बसता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"सवय होते, काका," महेंद्र म्हणाला.

मित्रांनो, मला वाचा नाही. तुम्हाला आहे. रविवारी ते पैसे घेऊन येणार आहेत. तुमच्यातल्या कोणीतरी त्याआधी जाऊन त्या म्हाताऱ्याला सांगा, सवय होत नाही म्हणावं.