अस्वलिणीचं लाटणं

आमी नवरा-बायको लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाला पैसे घेऊन अस्वलाचं सोंग घेतो. सचिन अस्वल, मी अस्वलीण. दोन्ही ड्रेस सारखेच. माझ्या डोक्याला गुलाबी रिबन आन् डोळ्यांना लांब पापण्या चिकटवल्यात, एवढाच काय तो फरक. अस्वलाला कुठं असल्या पापण्या असत्यात? पण त्याबिगर बाई वळखायची कशी, असं सचिनचं म्हणणं.

खेळ त्यानंच बसवला, मोबाईलवर जुनी कार्टूनं बघून. नवरा उशिरा येतो, बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत. बायको दारात कंबरेवर हात ठेवून उभी. मग फोमच्या लाटण्यानं ती त्याला मांडवभर पळवती. श्रीगोंद्यात कुठंबी करा, माणसं पोट धरून हसत्यात.

घरात सचिन मारतो, खेळ असो नाहीतर नसो. आधी मी रडायची. आता त्याचा हात उठला की मी गॅसवरचं दूध तेवढं उतरून ठेवते, उतू गेल्यावर पुसायचं मलाच. आत काय हलतच न्हाई.

पण मागल्या आठवड्यात आमची आमू मधी पडली आन् तिच्या कानाखाली बसली. दुसरीतली पोर. तिला घेऊन मी काष्टीला भावाकडं निघून आले. भाऊ म्हणाला, "राहा की. पण आधी चार माणसांपुढं निवाडा होऊ दे." तो कायम असाच, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

सचिनचे चुलते उत्तमराव, आमचे नाना, सचिनला आन् चार माणसांना घेऊन भावाकडं आले. मी काळानिळा दंड दाखवला. त्यांनी बघितला, मग मिशीतल्या मिशीत हसले.

"जयमाला, आमच्या नातवाच्या वाढदिवसाला समद्या गावानं बघितलंय. कोण कुणाला पळवत हुतं?"

"नाना, तो खेळ हाय."

"खेळ हाय, पण उगा सुचतंय व्हय?"

ओसरीत खसखस पिकली. माझ्या भावानंसुद्धा तोंडावर रुमाल धरला.

"मग पोरीला इचारा," मी म्हणाले. माझ्या बाजूनं तीच एक हुती.

नानांनी आमूला जवळ घेतलं. "खरं सांग बाळा, घरात कोण मारतं?"

आमूनं बापाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आई," ती म्हणाली. "लाटण्यानं."

ओसरी दणाणली. सचिनच्या तर हसून डोळ्यांत पाणी आलं. निकाल लागला. माझी पिशवी भावानंच आणून गाडीला अडकवली. आमूचा राग यायला पाहिजे हुता, तोबी आला न्हाई.

सचिन गाडी चालवत हुता, आमू आमच्या दोघांच्या मधी. श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागल्यावर ती मागं वळून माझ्या कानाशी आली.

"आई, बाबा लई हसले ना?"

"व्हय."

"मग आज मारायचे न्हाईत. म्हणून म्हणलं मी तसं."