एकदा पडलेलं हेल्मेट

मी बोलतोय. शनिवार पेठेत, केयूरच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात बसलेलं लाल-पिवळं हेल्मेट. आणि आज चिडून बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझा धनी ओरिओल, स्पेनचा मोटारसायकल रेसर. सहाव्या वर्षी बापाने छोट्या गाडीवर बसवलं, तो उतरलाच नाही. सोळाव्या वर्षी पगारी रेसर झाला. चौदा हंगाम गाडी पळवली, चार शर्यती जिंकल्या, दोनदा खांदा मोडून घेतला. ताशी तीनशेने जाणारा माणूस, पण साध्या सरावालाही माझा पट्टा दोनदा ओढून बघायचा. शेवटच्या हंगामात एका ओल्या वळणावर तो उडाला आणि डोक्यावर आपटला. म्हणजे आपटलो मी. तो उठून चालत गेला, माझं आतलं थर्माकोलसारखं अस्तर मात्र चेपलं. ते एकदाच चेपतं, मग निकामी. तेच त्याचं काम.

ओरिओलने शर्यती सोडल्या. दोन हजार नऊ साली तो एका कंपनीच्या नव्या गाडीच्या कार्यक्रमाला पुण्यात आला. सहीसाठी दोन तास रांगेत उभा राहिलेला केयूर, हिंजवडीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्याला आवडला. मला त्याच्या हातात देऊन त्याने बजावलं, "हे एकदा पडलंय. बघायला ठेव, घालू नकोस."

तेव्हापासून माझे नुसते देव्हारे माजवलेत. पाहुणे आले की फोटो. दसऱ्याला गाडीला हार, मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि मग हा पठ्ठ्या उघड्या डोक्याने सोनं वाटायला निघतो! अरे, ज्याची पूजा केलीस त्याचं काम काय, ते तरी विचार!

त्याचे वडील गोपाळकृष्ण, निवृत्त शिक्षक. त्यांचं ठरलेलं, "लक्ष्मी रोडला गाडी वीसच्या वर जात नाही. हेल्मेट काय सिग्नलला थांबायला घालायचं?" वा! हिंजवडीचा हायवे म्हणजे लक्ष्मी रोडच की!

मग हेल्मेटसक्ती आली. चौकाचौकात पोलीस. एका सकाळी केयूरने मला बाहेर काढलं आणि सरळ डोक्यावर चढवलं. मला ओरडावंसं वाटलं.

त्याची बायको अवनी खूश झाली. "अगंबाई! सुचलं का शेवटी?" म्हणत मला नीट बसवायला गेली, तर तिचा अंगठा अस्तरात रुतला.

"केयूर, हे आतून दबलंय."

"माहितीये गं. पडलेलंच आहे ते. घालू नकोस म्हणाला होता तो."

"आणि तरी घालतोयस?"

"अगं, पोलीस काय आत हात घालून बघतात?"

ऐकलंत? दहा वर्षं मला वाटायचं, हा ओरिओलचं बोलणं विसरलाय. विसरला नव्हता! हेल्मेट पोलिसासाठी, डोकं काय फुकटच आलंय!

अवनीने शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, मला काढून घेतलं आणि दोन्ही पट्टे कचाकच कापले. ओरिओलचे लोकही निकामी हेल्मेटचं हेच करायचे, चुकून कोणी घालू नये म्हणून. हिला कोणी शिकवलं, देव जाणे.

गोपाळकृष्ण कळवळले. "अगं, आठवण होती ती!"

"आठवणच राहू दे, बाबा. केयूरची आठवण काढायची वेळ नको."

केयूर त्या दिवशी बसने ऑफिसला गेला आणि येताना साधं काळं हेल्मेट घेऊन आला. ते दारापाशी चपलांच्या रॅकवर पडलेलं असतं, ओरखडलेलं, घामट. रोज त्याच्या डोक्यावर बसून हिंजवडीला जाऊन येतं. आणि दसऱ्याला फूल अजून मलाच! संताप येतो मला.

दसरा आठवड्यावर आलाय. केयूर, यंदा माझं कपाट उघडू नकोस. त्या रॅकवरच्याला उचल, पूस, आणि कुंकू त्याला लाव.