दुसरा शब्द

"सिस्टर, एक तर वल्हं धरा, नाहीतर मोबाइल! दोन्ही धराल तर होडी गरगर फिरेल." काठावरून जाळेवाला ओरडला.

"फिरू दे. माझं डोकं तरी कुठे जागेवर आहे?"

पहिला फोटो : हललेला. दिवसभर वॉर्डात उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, त्यात एका हातात वल्हं, दुसऱ्यात मोबाइल.

दुसरा फोटो : निम्म्यात सूर्य, निम्म्यात तिचा अंगठा.

तिसरा काढलाच नाही. वल्हं मांडीवर आडवं टाकून ती नुसती बसली. पाणी तांबूस होत गेलं. कुणी हाक मारत नव्हतं. बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच चोरी वाटली, आणि तिने घाईघाईने

चौथा काढला. हा चांगला आला.

बाबांनी जन्मभर याच होडीतून लोकांना तळ्यापलीकडे सोडलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याजवळ एकच शब्द उरला : होडी. चहा म्हणजे होडी, उशी म्हणजे होडी, लेक म्हणजेही होडी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "त्यांच्या ओळखीचं काहीतरी दाखवा. उद्यापर्यंत दुसरा एखादा शब्द निघाला नाही, तर सराव थांबवू." बाबांच्या खिडकीतून शेजारची भिंत तेवढी दिसे. म्हणून हे फोटो.

घरी येऊन ओल्या गणवेशातच ती बाबांच्या खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, हे काय?"

"होडी."

"होडी नाही हो. नीट बघा. लाल काय दिसतंय?"

"होडी."

"सूर्य! म्हणा, सू-र्य."

"होडी."

तिचा धीर सुटला. "अहो, सूर्य बुडाला! एवढं तरी म्हणा. बु-डा-ला!"

होडीवाल्याच्या घरात हा शब्द काढायचा नसतो. सूर्य मावळतो. चहात बिस्किटसुद्धा नुसतं पडतं. तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांचा धड हात उचलला गेला आणि तिच्या तोंडावर घट्ट बसला.

"ग... ग... गप!"

मोबाइल मांडीवरून घसरला. दुसरा शब्द! आता लगेच तो पुन्हा म्हणवून घ्यायला हवा, बाईंनी तसंच शिकवलं होतं. पण तळहात अजून तोंडावरच होता, जुन्या घट्ट्यांचा, खरखरीत. तिने तो बाजूला केला नाही. डोळे मिटले, आणि सांगितल्याप्रमाणे गप बसून राहिली.